अयोग्य कशासाठी?

सोनकांबळे मॅडमच्या शोकसभेत लोक खोटं बोलले. मुद्दाम नाही बोलले. शोकसभेत जी विशेषणं कुणालाही चालतात ती त्यांनी मॅडमना चढवली. एक प्राध्यापक म्हणाले, शालीन. दुसरे म्हणाले, सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या. जळकोटकडच्या एका शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष खास गाडी करून नांदेडला आले होते. ते हार घालून म्हणाले, "औचित्य कशाला म्हणावं ते मॅडमकडून शिकावं." मी शेवटच्या रांगेत दात आवळून बसले होते. मॅडमच्या औचित्यानं याच गृहस्थांना घाम फोडला होता, आणि ते त्यांनाही चांगलं आठवत होतं. बोलताना नजर एकदाही आमच्या रांगेकडे वळली नाही.

मी पत्रकं लिहिते. विद्यार्थी संघटनेची. वसतिगृहात पाणी नाही, शिष्यवृत्ती अडली, एसटीचा पास मिळेना, असली. पत्रकात माणूस दोनच जातींचा असतो, आपला नाही तर त्यांचा. मॅडम मला कधीच कुठल्या रकान्यात टाकता आल्या नाहीत. म्हणून हे जरा लांबेल.

मॅडम नांदेडच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, सावळ्या, चालणं भराभर. सुती साडीला इस्त्री अशी की बसल्या तरी निऱ्या उभ्याच. काखेत बारा महिने छत्री. ऊन असो, ढग असो, ती उघडलेली मी क्वचितच पाहिली. रस्त्यातली कुत्री, बेशिस्त रिक्षावाले आणि वर्गात पेंगणारी पोरं, तिघांसाठी तिचा उपयोग व्हायचा. घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी वर्ग. खेड्यातून आलेल्या पोरींना फुकट.

मॅडम सगळ्यांना 'अहो' म्हणायच्या. सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. पाचवीतल्या पोराला, भाजीवालीला, नळाचं पाणी सोडणाऱ्याला. एकदा वर्गात शेळी घुसली तर छत्री उचलून म्हणाल्या, "अहो, बाहेर व्हा." शेळी गेली. आम्ही हसून लोळलो, त्यांना कळेचना काय झालं. मागे एकदाच बोलता बोलता म्हणाल्या होत्या, कंधार तालुक्यातल्या त्यांच्या गावात मालकांची शेंबडी पोरं मॅडमच्या वडिलांना 'अरे' म्हणत. वडील 'जी मालक' म्हणत. त्यांच्या वस्तीनं बुद्धाला हात जोडले तरी गावाचं ते 'अरे' काही सुटलं नाही. "म्हणून मी ठरवलं," त्या म्हणाल्या, "आपण 'अहो' वाटत सुटायचं. ज्याला पुरणार नाही तो मागून घेईल."

त्यांचं शिकवणं डिक्शनरीतलं नव्हतं. इंग्रजीत योग्य, पात्र, उचित, साजेसं यांसाठी जे शब्दांचं गाठोडं आहे, ते त्यांचं आवडतं. फिट, सुटेबल, प्रॉपर, अप्रोप्रिएट, एलिजिबल, डीसेंट. म्हणायच्या, "बाकी इंग्रजी नाही आलं तरी चालेल. हे शब्द आलेच पाहिजेत. तुम्हाला बाहेर काढताना हेच वापरणार आहेत." मग एकेक शब्द समोर ठेवायच्या. एलिजिबल म्हणजे दारापर्यंत यायची मुभा; ती कागद देतो. सुटेबल म्हणजे आत घ्यायचं की नाही. ते आत बसलेला ठरवतो. प्रॉपर म्हणजे रीतीला धरून, आणि रीत कुणी पाडली ते विचारायला लाजायचं नाही. अप्रोप्रिएट हा त्यातल्या त्यात भला शब्द, तो वेळ-प्रसंग बघतो, माणसाची जात बघत नाही.

आणि डीसेंट? "तो तुम्हाला खोली बघायला गेलात की भेटेल."

त्यांना तो तसाच भेटला होता. नोकरी लागली तेव्हा नांदेडात खोली बघायला गेल्या. मालक इंग्रजीतून म्हणाला, आम्हाला डीसेंट फॅमिली पाहिजे. मॅडम म्हणाल्या, मी एकटीच आहे, नोकरी आहे. मग म्हणाला, नाही, म्हणजे व्हेजिटेरियन. मॅडम म्हणाल्या, "मी अंडंसुद्धा खात नाही. आता कोणता शब्द काढता?" मालक दारात शब्द शोधू लागला. शेवटी त्याची बायको आतून ओरडली, "खोली दिली म्हणून सांगा की एकदाचं!" मॅडम हा किस्सा सांगताना मालकावर चिडायच्या नाहीत. "बाई हुशार होती," म्हणायच्या. "शब्दांत वेळ घालवला नाही."

माझे वडील अर्धापूरचे, केळीवाले. माझ्या लग्नाचा बायोडाटा इंग्रजीतून पाहिजे म्हणून ते मला न सांगता मॅडमकडे गेले. मला कळलं तेव्हा मी पळतच पोचले, तर दोघं टेबलाशी.

"लिवा मॅडम," वडील सांगत होते, "सुटेबल मुलगी, घरकामात हुशार, रंग गोरा."

"मोहनराव, वैशालीताई गोऱ्या नाहीत."

"निमगोरा लिवा मग. लई बारीक बघतेत आजकाल."

"केळीचा व्यापारी तुमचा घड कसा बघतो हो?"

वडील खुलले. "टेप लावतो. फणी खोक्यात बसली पाहिजे. डाग नको. लांबी कमी भरली की म्हणतो माल बसत न्हाई."

"चव बघतो का?"

"चव? चव कोण बघतंय. खोकं ठरलेलं हाय न."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. "मग हे मी नाही लिहीत. तुम्ही व्यापाऱ्याकडूनच लिहून घ्या."

वडील रस्ताभर कुरकुरले. "बाई लई खडूस हाय." पण घरी येऊन आईला हीच गोष्ट त्यांनी इतकी रंगवून सांगितली की जणू व्यापाऱ्याला आपणच जिंकून आलो. बायोडाटा राहिला तो राहिलाच.

खडूसपणाचं त्यांचं चुकत नव्हतं. परीक्षेच्या दिवसांत मॅडम कुणाच्या घरचा चहा घ्यायच्या नाहीत, न जाणो त्या घरातल्या पोराचा पेपर आपल्याकडे तपासायला आला तर. वडिलांनी एकदा केळीची फणी पाठवली तर ती परत आली, निरोपासकट: "निकालानंतर आणा, आवडतात." माझी पत्रकं त्या वाचायच्या आणि पेन घेऊन विशेषणं उपटायच्या. शिष्यवृत्तीच्या कारकुनाला मी नराधम लिहिलं होतं. "अहो, हा कारकून आहे. फाईल दाबून बसलाय. नराधम शब्द जपून ठेवा, पुढं लागेल." मला राग यायचा. मला वाटायचं, बाई घाबरते. सभ्य राहून राहून हिची धार गेली.

जळकोटला जे झालं त्या दिवशी तर माझी खात्रीच पटली.

दीक्षा भद्रे ही मॅडमच्या वर्गातली सगळ्यात हुशार पोरगी. कंधार तालुक्यातली, वडील एसटीत कंडक्टर. एम.ए., नेट, सगळं झालेलं. लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती, म्हणजे शिकवायचं कायमच्या मास्तराएवढं, मोल रोजंदारीचं, आणि उन्हाळ्यात घरी बसायचं. याआधी दोन ठिकाणी मुलाखत देऊन आली होती. दोन्हीकडे एकच निकाल: कुणीही योग्य आढळलं नाही. जागा राखीव असली की हा शेरा हमखास निघतो. जागा रिकामी ठेवायची आणि मग तासिका तत्त्वावर अध्यक्षांची भाची घ्यायची. ही चाल शेंबड्या पोराला कळते. फक्त कागदावर ती चाल दिसत नाही. दिसतो तो शब्द. सुटेबल नाही.

आता जळकोटच्या कॉलेजातली इंग्रजीची राखीव जागा दीक्षाला मिळाली नाही तर ती हे सगळं सोडून देणार होती. वडिलांची निवृत्ती जवळ आली होती आणि धाकटा भाऊ शिकत होता. बसमध्ये तिनं मला सांगितलं, "आता नाही झालं तर मी बँकेची परीक्षा देते. इंग्रजी-बिंग्रजी बास." मी तिच्यासोबत गेले होते. कॉलेजच्या व्हरांड्यात उमेदवार बाकावर बसलेले. आणि फाटकातून काखेत छत्री घेऊन आल्या कोण? सोनकांबळे मॅडम. विद्यापीठानं पाठवलेल्या विषयतज्ज्ञ. संस्थेची गाडी नाकारून एसटीनं आलेल्या. दीक्षानं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "झालं," ती हसून म्हणाली. "झालं माझं काम."

मॅडम आमच्याकडे न बघता आत गेल्या. दीक्षा अर्धवट उठली होती, ती तशीच बसली.

थोड्या वेळानं दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या. पर्स, छत्री, सगळं घेऊन. याही वेळी आमच्याकडे न बघता सरळ फाटकातून निघून गेल्या.

आत काय झालं ते शिपायानं सांगितलं, आणि पुढं मॅडमनीही. उमेदवारांची नावं समोर आल्यावर मॅडम म्हणाल्या, दीक्षा भद्रे माझ्याकडे शिकली आहे. तिच्या मुलाखतीला मी बसणं उचित नाही. अध्यक्ष मोठ्यानं हसले.

"अहो मॅडम, बसा की! हितं कोण कुणाचा न्हाई? हे प्राचार्य माझे साडू. हे सर आमच्या गावचेच. असं बघत बसलो तर मुलाखत कोण घेईल, शिपाई?"

"मग तुम्हीपण उठा," मॅडम म्हणाल्या.

कुणी उठलं नाही. मॅडम उठल्या.

दीक्षाला आत विचारलं, गाव कोणतं, वडील काय करतात, जळकोटला राहणार कुठं. संपलं. आठवड्यात फळ्यावर कागद लागला. कुणीही योग्य आढळलं नाही.

मी नांदेडला तडक मॅडमच्या घरी गेले. चप्पलसुद्धा नीट काढली नाही. जे तोंडाला आलं ते बोलले. ते सगळे एकमेकांचे साडू असून बसतात आणि आमचं एकच माणूस आत होतं ते उठून येतं. तुमच्या औचित्यानं तिचा घास गेला. तुम्हाला तुमची साडी स्वच्छ ठेवायची होती, बस.

मॅडम ऐकत होत्या. मी दमल्यावर म्हणाल्या, "पाणी घ्या."

"नको मला पाणी!"

"मी आत बसले असते तर माझं एक मत पडलं असतं. बाकीच्यांनी नाही म्हटलं असतं. आणि त्या 'अयोग्य' खाली माझीपण सही आली असती, अहो. सही केलेल्या माणसानं बाहेर तोंड उघडायचं नसतं. समितीतलं समितीत." त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढं सरकवला. "मी सही केलेली नाही. आता मला कुणालाही काहीही विचारता येतं."

"हे तुम्ही तेव्हाच ठरवलं होतं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तेव्हा फक्त बसवेना. हे परतीच्या बसमध्ये सुचलं."

मी हे मुद्दाम लिहिते आहे. नाहीतर उद्या कुणीतरी म्हणेल, काय डाव टाकला बाईनं. डाव नव्हता. त्यांना ते गैर वाटलं आणि त्या उठल्या, नुकसान होणार हे दिसत असून. डाव मागून आला.

पुढचे काही महिने मॅडमनी विद्यापीठाच्या पायऱ्या झिजवल्या. भेटीच्या वेळेत जायच्या, रांगेत बसायच्या, नंबर आला की तोच प्रश्न. ही मुलगी अयोग्य ठरली, ती कशासाठी? शिकवण्यासाठी? मग तिचं शिकवणं कुणी पाहिलं? कोणत्या वर्गात? पोरं कोण होती? इंग्रजी कच्चं? मग इंग्रजीतला कोणता प्रश्न विचारला? नुसतं अयोग्य चालणार नाही. चप्पल पायाला बसली नाही तर चप्पल वाईट की पाय वाईट हे पायाशिवाय कसं ठरवलं?

एक अधिकारी वैतागून म्हणाले, "मॅडम, ती तुमची कुणी नातेवाईक नाही. यात तुम्हाला काय मिळणार?"

"मला पुन्हा कुठल्या समितीवर कुणी बोलावणार नाही. ते मिळणार."

तसंच झालं. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. पेपर तपासायलासुद्धा. फुकटच्या वर्गातल्या दोन पोरींना घरच्यांनी काढून घेतलं, बाई भांडखोर आहे म्हणून. आणि या सगळ्या काळात मॅडम दीक्षाशी एक शब्द बोलल्या नाहीत. फोन उचलला नाही. दीक्षा घरी आली तर दारातूनच म्हणाल्या, "प्रकरण चालू आहे. आत्ता नको." दीक्षा बाहेरच्या पायरीवर बसून रडली. "माझ्यासाठी भांडून राहिल्या आणि माझ्याशीच बोलेनात. हे कसलं माणूस हाय, वैशाली?"  मलाही तेव्हा तो अतिरेक वाटला. आजही थोडा वाटतो.

पत्रक मात्र त्यांनी मला काढू दिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान पत्रक. वर 'अयोग्य कशासाठी?' आणि खाली चार प्रश्न. विशेषण एकही नाही. नांदेड, लातूर दोन्हीकडे कॉलेजांच्या फाटकावर वाटलं. आमची नेहमीची पत्रकं पोरं वडापाव बांधायला नेतात. हे लोक घडी घालून खिशात ठेवत होते. मग अशीच माणसं यायला लागली, कुठं कुठं अयोग्य ठरलेली. उदगीरचा एक, देगलूरची एक. त्यातले काही डोक्यावर पांढरे केस घेऊन आले. तेव्हा विद्यापीठ हललं.

जळकोटची मुलाखत पुन्हा लागली. समिती नवी, नियमाप्रमाणे अध्यक्ष तेवढे तेच. आणि मॅडमचा हट्ट मान्य झाला: उमेदवारांनी त्याच कॉलेजच्या पोरांना शिकवायचं, समितीनं मागच्या बाकांवर बसायचं.

मॅडम जळकोटला आल्या नाहीत. मी होते, खिडकीशी. दीक्षाला प्रथम वर्षाचा वर्ग दिला. पोरं बुजलेली. अध्यक्ष शेवटच्या बाकावर अडकलेले. पोट टेबलाला, गुडघे फळीला. दीक्षानं खडू उचलला. तिनं फळ्यावर सुटेबल लिहिलं आणि विचारलं, वाक्य कोण करेल? पोरांनी माना खाली घातल्या. मग पुढच्या बाकावरची एक पोरगी मागे बघून हळूच म्हणाली, "मॅडम, चुकलं तर रागावू नका." आणि इंग्रजीतून म्हणाली, "सर, धिस बेंच इज नॉट सुटेबल फॉर यू."

वर्गात हशा फुटला. बाकीची समिती हसली. शेवटी अध्यक्षांनाही हसावं लागलं. दीक्षा हसली नाही. तिनं विचारलं, "व्हाय? इज सर राँग, ऑर इज द बेंच राँग?" आणि पोरं बोलायला लागली. मोडकंतोडकं, चुकत, एकमेकांना अडवत. एक म्हणे बाक छोटा, एक म्हणे सर मोठे, एक म्हणे दोघंही बरोबर, फक्त बाक पोरांसाठी केलाय. पुढचा सगळा तास मागच्या बाकावर कोण बसलंय हे पोरं विसरली. दीक्षापण.

तिचं नाव लागलं.

ऑर्डर हातात पडल्यावर ती मॅडमना भेटली, लातूरच्या बसस्टँडवर. मॅडम बहिणीकडून नांदेडला परत निघाल्या होत्या. मीही बरोबर होते; माझी त्यांच्याशी ती शेवटची भेट. पुढं त्या आजारी पडल्या आणि दुखणं झटपट वाढलं. दीक्षा वाकली, मॅडमनी तिला वरच्यावर उठवलं. म्हणाल्या, "आता बोलायला हरकत नाही."  स्टँडवर सगळीकडे गोंगाट, उसाच्या रसाचं गुऱ्हाळ, 'औराद, निलंगा' ओरडणारे कंडक्टर.

दीक्षा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही माझ्याकडे बघितलंपण नाही, मॅडम. मला वाटलं, ओळखलंच नाही."

"बघितलं असतं तर बसले असते," मॅडम म्हणाल्या.

नांदेडची गाडी लागली. लोकांनी खिडकीतून रुमाल, पिशव्या टाकल्या. मॅडम रांगेतूनच चढल्या, जागा मिळाली ती मागची. खिडकी उघडून त्यांनी दीक्षाला जवळ बोलावलं.

"उद्या तुमच्या वर्गातली पोरगी तुमच्यापुढं मुलाखतीला आली, तर काय कराल?"

"उठून बाहेर येईन, मॅडम."

"यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. गाडी सुरू झाली होती, त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. "पण आधीच सांगून ठेवते, अहो. लई वाईट वाटतं. फाटकाबाहेर आल्यावर कुठं जावं कळत नाही. तेव्हा तिथं उभं राहायचं नाही, सरळ स्टँड गाठायचा."